उघडी राहिलेली पाने

आमच्या धर्मग्रामाच्या कार्यालयात खिडकीलगत एक लाकडी बाक आहे. कुणी बाप्तिस्म्याच्या दाखल्यासाठी येतो, कुणी मृत आईवडिलांच्या मिस्सेची नोंद करावयास येतो, तर कुणाला नुसतेच दोन शब्द बोलावयाचे असतात. ही सारी माणसे त्या बाकावर बसून आपली पाळी येण्याची वाट पाहतात. काही महिन्यांपूर्वी माझ्या असे ध्यानात आले, की येणाऱ्यांची संख्या वाढली नसतानाही बाक पूर्वीपेक्षा अधिक वेळ भरलेला दिसू लागला आहे. कारण उघड होते. माझ्या टेबलावरील संगणक मंदावला होता आणि त्याच्यासमोर बसलेला मी ‘जरा थांबा हं, आत्ता उघडेल’ हे एकच वाक्य दिवसभर म्हणत होतो.

हा संगणक २०१४ साली घेतलेला. त्याची मेमरी, ज्याला सारे रॅम म्हणतात, ती चार जीबीची आणि हार्ड डिस्क जुन्या पद्धतीची, आत तबकडी फिरणारी. त्यावर विंडोज १० होते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या प्रणालीला नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या मिळणे थांबले आणि आमच्या यंत्रातील प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हता. नवा संगणक घ्यावा तर मंदिराच्या गळक्या छपराचा खर्च पुढे उभा. अशा वेळी संगणकशास्त्र शिकणारा आमच्या धर्मग्रामातील एक तरुण पुढे आला. ‘फादर, यावर लिनक्स घालू या. एक पैसा लागणार नाही,’ असे म्हणून त्याने एका रविवारी दुपारी ते कामही करून टाकले.

१९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा आरंभ केला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या मुक्त आज्ञावलीच्या प्रकल्पाची त्याला जोड मिळाली. ही प्रणाली कुणीही वापरावी, आतून उघडून पाहावी, बदलावी आणि दुसऱ्यास द्यावी, अशी तिच्या परवान्यातच मुभा आहे. आमच्या तरुणाने तिचा लिनक्स मिंट हा अवतार निवडला आणि त्यातही जुन्या यंत्रांना झेपेल असा एक्सएफसीई नावाचा हलका पेहराव. इंटरनेट पाहण्यासाठी फायरफॉक्स हा ब्राउझर होताच. पहिले काही आठवडे संगणक तरुण झाल्यासारखा चालला. मी येणाऱ्या-जाणाऱ्यास कौतुकाने तो दाखवीतही असे.

मग हळूहळू ते मंदावणे सुरू झाले. सकाळी मिस्सा आटोपून बसलो की सारे ठीक असे. अकरा वाजेतो पाने उघडावयास वेळ लागू लागे. दुपारी तर अशी अवस्था, की मी अक्षरे टंकावीत, चष्मा पुसून घ्यावा आणि मग ती अक्षरे पडद्यावर एकेक करून अवतरावीत. खाली ठेवलेल्या डब्यातून हार्ड डिस्कची करकर अखंड ऐकू येई.

मनुष्याला त्रास झाला, की त्याला कारणापेक्षा अपराधी आधी हवा असतो. माझेही तसेच झाले. प्रथम मी इंटरनेट पुरविणाऱ्या माणसाला धरले. दुपारी सारे गाव इंटरनेट वापरत असणार म्हणून आपली गती घटते, असा माझा तर्क. त्याला दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा माझा आवाज चढला. तो बिचारा येऊन वायर बदलून गेला. फरक पडला नाही. मग दोष अर्थातच लिनक्सचा आणि ते घालणाऱ्याचा. एका रविवारी मिस्सेनंतर मंदिराच्या पायऱ्यांवर तो तरुण मित्रांसमवेत उभा होता. मी त्याला तेथेच म्हणालो, ‘अरे, तुझे ते लिनक्स की काय, फुकटचे ते शेवटी फुकटचेच निघाले. माझी सारी कामे खोळंबली आहेत.’ आजूबाजूचे काही जण हसले. तो हसला नाही. एवढेच म्हणाला, ‘फादर, मी संध्याकाळी येऊन बघतो.’

संध्याकाळी तो आला. मला वाटले, आता हा माउस हाती घेईल, कुठे काय करील ते कळणारही नाही आणि दहा मिनिटांत निघून जाईल. पण तो माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला आणि त्याने विचारले, ‘फादर, स्लो म्हणजे नक्की काय स्लो?’

मी किंचित वैतागून म्हणालो, ‘सगळेच!’

‘ब्राउझर उघडायला वेळ लागतो, की उघडल्यावर पान यायला वेळ लागतो, की आलेलं पान वर-खाली करताना अडकतं?’

या प्रश्नासरशी मला तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा सेमिनरीतील तत्त्वज्ञानाचा वर्ग आठवला. मध्ययुगीन विद्यापीठांतील वादपद्धतीत ‘दिस्तिंग्वो’ असा एक लॅटिन शब्द आहे. त्याचा अर्थ, ‘मी भेद करतो.’ प्रतिपक्षाचे विधान एकदम मान्य करावयाचे नाही, एकदम फेटाळावयाचेही नाही. आधी त्यातील शब्दाचे अर्थ वेगळे करावयाचे. हे मी परीक्षेत लिहून गुण मिळविले होते. पुढे अनेकदा प्रवचनांतून सांगितलेही होते. पण ‘मंद’ या एका शब्दात तीन निरनिराळे आजार दडलेले असू शकतात, हे माझ्या टेबलाशी बसून मला एका विद्यार्थ्याने शिकवावे लागले.

त्याने ते उलगडून सांगितले. ब्राउझर मुळात उघडण्यासच वेळ लागत असेल, तर प्रथम पाहावयाचे ते हार्ड डिस्ककडे. पान बाहेरून येण्यास वेळ लागत असेल, तर इंटरनेटकडे. पण आधीच येऊन बसलेले पान सरकविताना अडत असेल, तर त्या वेळी बाहेरून फारसे काही यावयाचे नसते. मग दोष घरातच शोधावा, मेमरीत किंवा प्रोसेसरमध्ये. माझा त्रास बहुतांशी तिसऱ्या प्रकारचा होता. तरीही खात्री असावी म्हणून त्याने मला टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडावयास लावली आणि ‘पिंग’ ही आज्ञा टंकावयास सांगितली. ही आज्ञा दूरच्या संगणकाला हाक मारते आणि उत्तर किती वेळात आले ते दाखविते. सेकंदाचे एक हजार भाग केले, तर त्यातील वीस-बावीस भागांत उत्तर येत होते. एकही हाक वाया गेली नाही. इंटरनेटवाला निर्दोष ठरला. मी घशाशी आलेला आवंढा गिळला.

‘आता मेमरी बघू,’ असे म्हणून त्याने ‘फ्री’ ही आज्ञा सांगितली. पडद्यावर आकडे आले. चार जीबींपैकी ‘फ्री’ या रकान्यात दीडशे एमबीही नव्हते. मी विजयी मुद्रेने म्हणालो, ‘बघ! सारी मेमरी तुझ्या लिनक्सनेच खाल्ली.’

तो हसला. ‘फादर, तो रकाना फसवतो. शेवटचा बघा, अव्हेलेबल.’ लिनक्स रिकामी मेमरी रिकामी ठेवीत नाही. डिस्कवरून एकदा वाचलेले पुन्हा लागेल म्हणून ती तेथे जपून ठेवते आणि दुसऱ्या कुणाला जागेची गरज पडताच निमूटपणे सोडून देते. म्हणून किती मेमरी मोकळी पडली आहे हे न पाहता, किती उपलब्ध होऊ शकते हे पाहावयाचे असते. मात्र आमचा तो शेवटचा रकानाही जवळजवळ तळाला गेलेला होता. त्याखाली ‘स्वॅप’ अशी एक ओळ होती, ती काठोकाठ भरलेली.

स्वॅप म्हणजे काय, हे मी माझ्या परीने असे समजून घेतले. मेमरी हे माझे टेबल आहे आणि हार्ड डिस्क हा कार्यालयाचा माळा. टेबलावर जागा उरली नाही, की काही कागद माळ्यावर टाकावे लागतात आणि पुन्हा लागले, की शिडी लावून खाली आणावे लागतात. मेमरीतून एखादी गोष्ट उचलावयास सेकंदाचा साधारण एक कोटीवा भाग पुरतो. फिरत्या तबकडीवरून तीच गोष्ट शोधावयास सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. म्हणजे लाखपट अंतर. आमचा संगणक दुपारभर शिडीवरच चढ-उतार करीत होता. ती करकर त्या शिडीची होती.

मग त्याने संगणक बंद करून पुन्हा चालू करावयास सांगितला आणि ब्राउझर न उघडताच तीच आज्ञा परत दिली. लिनक्सने स्वतःसाठी एक जीबीदेखील घेतलेला नव्हता. स्वॅप रिकामा होता. दुसरा आरोपीही निर्दोष सुटला. मी त्या तरुणाकडे पाहिले नाही.

‘आता ब्राउझर उघडा. पण फादर, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि बरं वाटलं, तर गुण कशाचा ते कळत नाही.’ आमच्या आज्या काढा देताना हेच म्हणत.

फायरफॉक्समध्ये मदतीच्या यादीत ‘ट्रबलशूट मोड’ नावाची सोय आहे. ती निवडली, की आपण नंतर जोडलेली सारी एक्स्टेन्शने तात्पुरती बाजूला ठेवून ब्राउझर उघडतो. तसा उघडला तेव्हा तो स्पष्टपणे हलका वाटला. म्हणजे जोडलेल्यांपैकी कुणीतरी भार टाकीत होते. ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर आहे, त्यात प्रत्येक पान आणि प्रत्येक एक्स्टेन्शन किती मेमरी घेते, प्रोसेसरला किती राबविते ते दिसते. नेहमीच्या पद्धतीने ब्राउझर पुन्हा उघडून तेथे पाहिले, तर कागदपत्रांचे रूप बदलून देणारे एक एक्स्टेन्शन, काम असो वा नसो, प्रत्येक पानामागे धावत होते. ‘हे कुणी घातलं?’ त्याने विचारले. ते मीच घातले होते, एका रात्री, घाईत, कुठल्याशा फॉर्मसाठी. ते काढून टाकले. थोडा आराम पडला, पण पूर्ण नव्हे.

त्या यादीत खाली खाली जाताना तो थबकला. ‘फादर, टॅब किती उघडे आहेत?’

मला कल्पना नव्हती. त्याने मोजले. त्र्याऐंशी.

दुपारच्या मंदपणाचे रहस्य तेथे उलगडले. फायरफॉक्स आदल्या दिवशीची पाने परत आणतो खरा, पण आपण एखाद्यावर बोट ठेवीपर्यंत ते प्रत्यक्ष उघडीत नाही. म्हणून सकाळी सारे हलके असे. मग मी दिवसभर हे पान पाहा, ते पान पाहा असे करीत एकेकाला जागे करीत जाई. जागे झालेले प्रत्येक पान आपली जागा मागे. निरनिराळ्या संकेतस्थळांना सुरक्षेसाठी एकमेकांपासून अलग खोल्यांत ठेवण्याची पद्धत या ब्राउझरने २०२१ पासून आणली आहे. ती योग्यच, पण खोल्या वाढल्या की घर मोठे लागते. दुपारपर्यंत चार जीबींचे घर भरून जाई. गावाच्या इंटरनेट वापराचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

‘बंद करू?’ त्याने माउसकडे हात नेला.

‘नको!’ मी इतक्या जोराने म्हणालो, की त्याने हात मागे घेतला. ‘ती सारी कामाची आहेत.’

तो क्षणभर गप्प राहिला. मग उठत म्हणाला, ‘मग तुम्हीच बघा, फादर. एकेक.’

तो गेल्यावर रात्रीचे जेवण आटोपून मी पुन्हा कार्यालयात येऊन बसलो आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. मला वाटले होते, अर्ध्या तासाचे काम आहे. मध्यरात्र उलटून गेली.

काही पाने केवळ कुतूहलाची होती, ती तत्काळ मिटली. पण बाकीच्या पानांमागे माणसे होती. एका वृद्ध गृहस्थाच्या थांबलेल्या निवृत्तिवेतनासंबंधीचे सरकारी पान. आखातातून परतलेल्या एका तरुणाला धंद्यासाठी कर्ज कसे मिळेल, त्याची माहिती. दारूच्या व्यसनातून सुटू पाहणाऱ्या एकासाठी पाहिलेले केंद्र. श्रवणयंत्र, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, हरवलेला दाखला. प्रत्येक पान उघडताना मी त्या बाकावर बसलेल्या कुणाला तरी म्हणालो होतो, ‘मी पाहतो.’ आणि पान उघडे ठेवले होते. ते उघडे आहे तोवर काम चालू आहे, असे माझ्या मनाने धरून चालविले होते. बंद करणे म्हणजे विसरणे, म्हणून मी बंद करीत नव्हतो. प्रत्यक्षात विसरणे केव्हाच होऊन गेले होते.

एकसष्टावे की बासष्टावे पान एका शैक्षणिक मदतनिधीचे होते. आमच्या धर्मग्रामाच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी एक आदिवासी पाडा आहे. तेथील एका मजुराच्या मुलीला परिचारिकेच्या शिक्षणास प्रवेश मिळाला होता. बाप पायातील चपला दाराबाहेर काढून बाकाच्या अगदी कडेला बसला होता, हे मला आठवले. मुलीची गुणपत्रिका त्याने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणली होती. ती माझ्या खणात होती. पानावर अर्ज स्वीकारण्याची शेवटची तारीख ठळक अक्षरांत दिलेली होती. तिला नऊ दिवस झाले होते.

त्या नऊ दिवसांत संगणक मंद होता, असे मी स्वतःला सांगून पाहिले. पण अर्ज भरण्यास मंद संगणकावरही अर्धा तास पुरला असता. आणि अगदीच चालत नसता, तर ती गुणपत्रिका घेऊन त्या तरुणाच्या घरापर्यंत चालत जाण्यास दहा मिनिटे लागतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाड्यावर गेलो. बाप कामावर निघाला होता. मी त्याला उभ्या उभ्याच सांगितले, की तारीख टळली आणि चूक माझी आहे. माझ्या हातून राहून गेले. संगणकाचे नाव मी घेतले नाही. तो काही वेळ जमिनीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, ‘असू दे, फादर. तुम्हाला कामं लय असतात.’ तो रागावला असता, तर मला परतीची वाट इतकी लांब वाटली नसती. मुलगी दारात उभी होती. ती काही बोलली नाही.

पहिल्या हप्त्याची रक्कम धर्मग्रामातील गरिबांना साहाय्य करणाऱ्या मंडळाने आणि काही कुटुंबांनी मिळून उभी केली. तिचा प्रवेश टिकला. परंतु तो निधी तिला वर्षभराचे साहाय्य देऊ शकला असता. आता प्रत्येक हप्त्याला हात पसरावा लागतो. हे माझ्या नावावर आहे, आणि राहील.

इंटरनेटवाल्याला मी फोन करून क्षमा मागितली. त्याला ते प्रकरण आठवतही नव्हते, असे तो म्हणाला. तरुणाच्या बाबतीत एवढ्याने भागणार नव्हते. मी त्याला चारचौघांत बोललो होतो, तेव्हा चारचौघांतच बोलणे भाग होते. पुढच्या रविवारी मिस्सेनंतर त्याच पायऱ्यांवर त्याच्या मित्रांसमोर मी म्हणालो, की लिनक्स बरोबर होते, इंटरनेट बरोबर होते आणि मंद होतो तो मी. पुन्हा काही जण हसले. या वेळी तोही हसला आणि संकोच लपविण्यासाठी म्हणाला, ‘फादर, रॅम आठ जीबी केली आणि एसएसडी बसवली ना, तर अजून छान चालेल.’ एसएसडी म्हणजे तबकडी नसलेली, शिडीविना चालणारी डिस्क. पुढे त्या दोन्ही वस्तू बसविल्या. ब्राउझर आता पाहता पाहता उघडतो, दुपारीसुद्धा. करकर थांबली आहे.

परंतु वाढलेली जागा पुन्हा तशाच रीतीने भरेल, हे मला आता ठाऊक आहे. म्हणून संध्याकाळी कार्यालय बंद करताना मी सारी पाने मिटवून उठतो. जे राहिले असेल ते एका साध्या वहीत लिहितो: माणसाचे नाव, काम, कोणत्या तारखेच्या आत. पडद्याच्या कडेला उभ्या असलेल्या टॅबवर संकेतस्थळाचे नाव असते, माणसाचे नसते. वहीत माणसाचे असते. काम झाले की त्या नावापुढे खूण करतो. ती वही सकाळी बाकावर कुणी येऊन बसण्यापूर्वी उघडावयाची, असा नेम ठेवला आहे.

तिच्या पहिल्याच पानावर पहिले नाव त्या मुलीचे आहे. दोन हप्त्यांच्या खुणा झाल्या आहेत. तिसऱ्याची तारीख पुढील महिन्याची आहे.